झोन दाखल्यापासून भोगवट्यापर्यंत : बांधकाम परवानगी सेवेचे एका जागामालकाने केलेले परीक्षण

वडिलांनी १९८४ साली बांधलेले आमचे बैठे घर २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात पाच दिवस छातीभर पाण्यात उभे होते. पाणी ओसरल्यावर भिंतींना पोपडे आले, पुढच्या पावसाळ्यात दोन खोल्यांचे छत गळू लागले, आणि २०२२ मध्ये आम्ही भावंडांनी आईच्या संमतीने ते उतरवून त्याच जागी तळमजला व पहिला मजला असे नवे घर बांधायचे ठरवले. जागा २४० चौरस मीटरची, पश्चिम महाराष्ट्रातील नदीकाठच्या एका शहरातील. शहराचे आणि कार्यालयाचे नाव येथे देत नाही. मला परीक्षण करायचे आहे ते कोणा एका कार्यालयाचे नव्हे, तर राज्यातील बहुतेक शहरांमध्ये थोड्याफार फरकाने अशीच मिळणाऱ्या एका सेवेचे : स्वतःच्या जागेवर काय बांधता येईल हे विचारण्यापासून ते बांधलेल्या घरात कायदेशीरपणे राहायला जाण्यापर्यंत नगररचना विभागाकडून जे जे घ्यावे लागते, त्या सगळ्याचे.

सुरुवात आम्ही चुकीच्या टोकाकडून केली. ओळखीतून परवानगीची कामे करून देणारे एक गृहस्थ भेटले. झोन दाखला, म्हणजे जागा कोणत्या विभागात येते हे सांगणारा नगररचना विभागाचा कागद, काढायचा का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "अहो, तुमचा सगळा पिवळा पट्टाच आहे, दाखला कशाला हवाय? नकाशा काढू आणि फाइल टाकून देऊ." जागा पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे निवासी विभागात होती हे खरेच होते. परंतु पट्टा पिवळा असला म्हणजे संपूर्ण भूखंड बांधकामाला मोकळा असतो, असे नाही. नकाशा तयार झाला, त्याचे पैसे दिले गेले, आणि दाखल करण्याच्या आदल्या आठवड्यात एका नातेवाइकाने सहज विचारले की समोरचा रस्ता शहराच्या विकास योजनेत, म्हणजे कोणती जागा कशासाठी हे ठरवणाऱ्या आराखड्यात, किती रुंद दाखवला आहे. त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते.

मग मी नगररचना विभागात जाऊन झोन दाखला आणि भाग नकाशा यांसाठी अर्ज केला. या दोन कागदांविषयी मला सर्वांत अधिक लिहायचे आहे, कारण साऱ्या प्रवासात इतक्या कमी पैशात, इतक्या कमी वेळात आणि इतकी उपयोगाची दुसरी कोणतीही गोष्ट मला मिळाली नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली नागरी स्थानिक संस्थांच्या अधिसूचित सेवांमध्ये हे दोन्ही येतात. झोन दाखल्याला सात दिवस आणि भाग नकाशाला तीन दिवस अशी मुदत आमच्या कार्यालयातील फलकावर लिहिलेली होती, आणि दोन्ही कागद मुदतीत मिळाले. अर्जासोबत मिळकत पत्रिकेचा उतारा आणि नगर भूमापन नकाशा जोडावा लागला. शुल्क काही शे रुपयांचे होते. मुदतीत काम झाले नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते, हेही ध्यानात ठेवावे; मात्र त्यासाठी अर्जाची दिनांकित पोच हाती असणे आवश्यक आहे, आणि ती मागून घेण्यात संकोच करू नये.

दाखल्यावर तीनच ओळी होत्या. जागा निवासी विभागात आहे. जागा १२ मीटर रुंद विकास योजना रस्त्याने अंशतः बाधित आहे. जागा निळ्या व लाल पूररेषांच्या दरम्यान आहे. पहिली ओळ आम्हाला ठाऊक होती, उरलेल्या दोन ओळींनी आमचे घर बदलले.

भाग नकाशा हा विकास योजनेच्या मोठ्या नकाशातून आपल्या जागेपुरता काढून दिलेला तुकडा असतो. खिडकीजवळच्या टेबलावर कनिष्ठ अभियंत्यांनी तो पसरला, प्रमाणपट्टी ठेवली आणि पेन्सिलीच्या टोकाने रस्त्याची नवी हद्द दाखवली. समोरचा रस्ता आज नऊ मीटरचा आहे, योजनेत तो बारा मीटरचा आहे, आणि दोन्ही बाजूंनी दीड दीड मीटर जागा जाणार आहे. आमची दर्शनी बाजू बारा मीटर रुंद असल्यामुळे १८ चौरस मीटर जागा रस्त्यात जाते. ती रेषा वडिलांनी बांधलेल्या पाण्याच्या टाकीच्या मधोमध जात होती, आणि पहिल्या नकाशात जिथे बाहेरचा जिना दाखवला होता, तो जिना समोरच्या सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेत, येऊन पूर्णपणे नियमबाह्य ठरत होता. फाइल तशीच दाखल झाली असती तर नामंजूर झाली असती. माहीत नसताना बांधकाम झाले असते, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खालील अनधिकृत बांधकाम काढण्याची नोटीस कधी ना कधी दारात आली असती.

येथे एक दिलासाही आहे, जो त्या अभियंत्यांनी न विचारता सांगितला आणि ज्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. रस्त्यात जाणारी जागा स्थानिक संस्थेकडे विनामोबदला हस्तांतरित केली, तर तिच्या बदल्यातील चटई क्षेत्र, म्हणजे बांधता येणारे क्षेत्र, उरलेल्या भूखंडावर वापरता येते किंवा इतरत्र वापरता येणाऱ्या विकास हक्काच्या रूपाने घेता येते. आम्हाला त्या जादा क्षेत्राची गरज नव्हती. बारा मीटरखालील किंवा त्याहून रुंद रस्ता असो, बिगर दाट वस्तीत मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१ आहे, म्हणजे भूखंडाच्या १.१ पट क्षेत्र बांधता येते, आणि आमचे घर त्याच्या बरेच आत बसत होते. परंतु ज्यांना भाड्यासाठी आणखी एखादी खोली हवी आहे, त्यांच्यासाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

तिसऱ्या ओळीचा अर्थ अधिक गंभीर होता. पूररेषा म्हणजे पुराचे पाणी कोठवर येते हे दाखवणारी नकाशावरील रेषा; निळी नदीच्या जवळची, लाल तिच्यापलीकडची. नदीपात्र आणि निळी पूररेषा यांच्यामधील पट्टा निषिद्ध, तर निळी आणि लाल रेषा यांच्यामधील पट्टा नियंत्रित मानला जातो. नियंत्रित पट्ट्यात घर बांधता येते, पण जोत्याची पातळी लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवावी लागते. जलसंपदा विभागाच्या नकाशावरील पातळी घेऊन जागेवर मोजणी केल्यावर असे आढळले की आमची जमीन लाल रेषेच्या पातळीपेक्षा १.२० मीटर खाली आहे. म्हणजे जोते १.६५ मीटर उंच हवे. पहिल्या नकाशात ते ०.६० मीटर होते. १.६५ मीटर म्हणजे प्रत्येकी पंधरा सेंटिमीटरच्या अकरा पायऱ्या, आणि आईच्या गुडघ्यांना त्या अकरा पायऱ्या रोज चढायच्या होत्या. नव्या वास्तुविशारद मॅडमनी त्या दोन टप्प्यांत विभागल्या, मध्ये बसण्याइतका ओटा दिला आणि दोन्ही बाजूंना कठडे घेतले. शेजारच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची तपकिरी रेघ अजून आहे. आमचे नवे जोते तिच्या वर आले आहे, आणि हा नियम मला एकदाही जाचक वाटला नाही.

नियमांविषयी येथेच लिहितो. राज्य शासनाने २ डिसेंबर २०२० रोजी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली आणि मुंबई व अन्य काही क्षेत्रे वगळता उर्वरित राज्यासाठी एकच नियमपुस्तक झाले. त्यापूर्वी प्रत्येक शहराचे नियम वेगळे असत आणि एका शहरातील अनुभव दुसरीकडे उपयोगी पडत नसे. आज कोल्हापुरातील माणसाने नाशिकच्या भावाला सामासिक अंतराविषयी सांगितले तर ते बहुतेक लागू पडते. सामान्य मालकाच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे. दुसरा बदल क्षेत्र मोजण्याच्या पद्धतीतील आहे : इमारतीच्या बाह्यरेषेपर्यंतचे, म्हणजे ज्याला सगळे पी लाइन म्हणतात तेथपर्यंतचे क्षेत्र धरले जाते, त्यामुळे बाल्कनी, जिना वगैरे पूर्वीसारखे वगळून दाखवता येत नाही, त्याऐवजी निवासी वापरासाठी अधिमूल्य भरून ६० टक्क्यांपर्यंत आनुषंगिक क्षेत्र मिळते. बाल्कनी नंतर बंद करून खोली करण्याचा जो प्रकार गल्लोगल्ली चालत असे, त्याचे कारणच यामुळे बऱ्याच अंशी नाहीसे झाले आहे, असे माझे मत आहे.

याच नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घराला रीतसर परवानगीऐवजी नोंदणीकृत तज्ज्ञाने प्रमाणित केलेला नकाशा व शुल्क सादर केल्याची पोच पुरते, आणि १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी द्यायची आहे. ही तरतूद वाचून आमची आशा वाढली होती. परंतु रस्तारुंदी आणि पूररेषा हे दोन्ही विषय असल्यामुळे आमच्या प्रकरणात तो मार्ग लागू धरला गेला नाही आणि फाइल नियमित छाननीत गेली. ज्यांची जागा कोणत्याही बाधेविना आहे, त्यांनी मात्र हा मार्ग आवर्जून विचारावा.

फाइल दाखल होण्याआधीचे काम कंटाळवाणे होते, पण टाळण्याजोगे नव्हते. मिळकत पत्रिकेवर वडिलांचे नाव होते, त्यामुळे वारस नोंद करून घ्यावी लागली. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून 'क' प्रत घेतली, तेव्हा खरेदीखतातील क्षेत्र आणि प्रत्यक्षातील क्षेत्र यांत थोडा फरक निघाला. अशा वेळी कमी असलेले क्षेत्र धरले जाते. घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, जुन्या आंब्यासाठी वृक्ष अधिकाऱ्यांचे पत्र (झाड तोडायचे नव्हते, नकाशात ते राखलेले दाखवायचे होते), संरचना अभियंत्यांचे संमतीपत्र, हे सारे जमवण्यात चार महिने गेले.

आता मुख्य सेवेकडे, म्हणजे ऑनलाइन परवानगीकडे येतो. आमचा प्रस्ताव १० फेब्रुवारी २०२३ रोजी दाखल झाला आणि परवानगी ७ ऑगस्ट २०२३ रोजी मिळाली. हे १७८ दिवस झाले. त्यांतील २५ दिवस आमच्याकडे गेले, १५३ दिवस कार्यालयाकडे. पहिले त्रुटीपत्र चाळिसाव्या दिवशी आले, त्यात मोजणी नकाशाची स्पष्ट प्रत मागितली होती. ती दिल्यावर ३६ दिवसांनी दुसरे आले, त्यात जोत्याच्या पातळीची टीप नकाशावर लिहायला सांगितली होती. ते पूर्ण केल्यावर ४९ दिवसांनी तिसरे आले, त्यात वाहनतळाच्या जागेची मापे हवी होती. त्यानंतर २८ दिवसांनी मंजुरी.

नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ नुसार साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते, हे अनेकांनी ऐकलेले असते, मीही ऐकले होते. पण ते साठ दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा कार्यालयाने मागितलेल्या माहितीचे उत्तर मिळाल्याच्या तारखेपासून, यांपैकी जे नंतरचे असेल तेथून मोजले जातात. शिवाय मानीव परवानगी नियमांशी सुसंगत प्रस्तावापुरतीच असते, त्यामुळे तिच्या भरवशावर पाया खणणे धोक्याचे आहे. आमच्या प्रकरणात कोणताही टप्पा साठ दिवसांच्या पुढे गेला नाही. कायद्याच्या नजरेने विलंब झालाच नाही, आणि तरीही आम्ही सहा महिने भाड्याच्या घरात बसून होतो, जुने घर अर्धे उतरवलेले होते. तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी फाइलमध्ये दिसत होत्या. त्या एकाच पत्रात आल्या असत्या तर मला तक्रारीला जागा उरली नसती. या सेवेतील सर्वांत मोठा दोष कोणता, असे मला कोणी विचारले तर मी हाच सांगेन : त्रुटी एकदम कळवण्याची सक्ती व्यवहारात पाळली जात नाही.

दुसरा दोष त्याच्याशी जोडलेला आहे. अर्ज मालकाचा असतो, शुल्क मालक भरतो, दंडही मालकालाच होतो, परंतु प्रणालीवरचे खाते वास्तुविशारदाचे असते. आमच्या शहरात तरी मालकाला स्वतःची फाइल कोणत्या टेबलावर आहे, त्रुटीपत्रात नेमके काय लिहिले आहे, हे स्वतःच्या नावाने उघडून पाहता आले नाही. आमच्या मॅडम सचोटीच्या होत्या, प्रत्येक पत्राची प्रत त्याच संध्याकाळी पाठवत. म्हणूनच वरच्या तारखा मला देता आल्या. सर्वांनाच अशी माणसे मिळत नाहीत. "साहेबांनी अडवलंय" असे सांगून महिनोन्महिने फाइल स्वतःकडेच ठेवणारेही असतात, आणि मालकाला खरे कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून नेमणूक करतानाच लेखी अट घालावी की अर्जात भ्रमणध्वनी क्रमांक आणि ईमेल मालकाचाच दिला जाईल, आणि प्रत्येक त्रुटीपत्र तीन दिवसांत मालकाला मिळेल. आम्ही ही अट दुसऱ्या नेमणुकीत घातली.

छाननीच्या गुणवत्तेविषयी मात्र मला चांगलेच लिहायचे आहे. नकाशा ठरावीक थरांमध्ये काढून द्यावा लागतो आणि संगणकच अंतरे, क्षेत्रे, वाहनतळ तपासतो. मागच्या बाजूचे अंतर एका कोपऱ्यात आठ सेंटिमीटरने कमी भरत होते, ते या तपासणीत दाखल करण्यापूर्वीच सापडले. यात माणसाच्या मर्जीला फारसा वाव उरत नाही आणि हे स्वागतार्ह आहे. शुल्काचा हिशेबही चलनावर बाबवार स्पष्ट लिहिलेला होता : छाननी शुल्क, विकास शुल्क, अनामत रक्कम, आणि बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार कल्याण उपकर. तेव्हाच्या नियमानुसार स्वतःच्या राहण्यासाठीचे घर दहा लाखांच्या आतील खर्चाचे असेल तर हा उपकर लागत नसे. आमचे त्याहून अधिक होते.

परवानगी एक वर्षाची असते आणि नूतनीकरणाने जास्तीत जास्त चार वर्षांपर्यंत चालते. वर्षाच्या आत जोत्यापर्यंत काम गेले तर नूतनीकरणाची गरज राहत नाही. आम्ही जानेवारी २०२४ मध्ये जोते तपासणीसाठी अर्ज केला. अभियंता आले, त्यांनी चारही कोपऱ्यांपासून हद्दीपर्यंत टेप लावला, पातळी यंत्राने जोत्याची उंची घेतली आणि मापे वहीत टिपली. अर्ध्या तासात काम झाले, आठवड्याभरात प्रमाणपत्र आले. भोगवटा प्रमाणपत्रासाठी, म्हणजे बांधलेल्या घरात राहायला जाण्याच्या परवानगीसाठी, फेब्रुवारी २०२५ मध्ये अर्ज केला आणि तीन आठवड्यांत ते मिळाले. या दोन्ही टप्प्यांना नाव ठेवण्यासारखे काहीच नाही. भोगवटा न घेता राहायला जाणारी माणसे आमच्या गल्लीतही आहेत. घर विकताना किंवा गृहकर्ज घेताना तो कागद मागितला जातो, तेव्हा मात्र त्यांची धावपळ सुरू होते.

ही सेवा घेताना आमच्याच रस्त्यावरील एका वृद्ध दांपत्याचा प्रश्न जवळून पाहिला, त्याचाही उल्लेख करतो. त्यांच्या भूखंडावर खेळाच्या मैदानाचे आरक्षण आहे, आणि ते त्यांना दलालाकडून नव्हे तर आमचा भाग नकाशा पाहताना कळले. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालकाला नोटीस देता येते, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्या दिशेने कार्यवाही सुरू झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. त्या दांपत्यातील काकांनी ती नोटीस वकिलांमार्फत दिली आहे. मालकी हक्काचे सर्व कागद नोटिशीसोबत जोडणे गरजेचे असते, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगितले गेले. अशी जागा कोणी स्वस्तात देऊ करत असेल आणि "आरक्षण उठणारच आहे" असे म्हणत असेल, तर खरेदीपूर्वी झोन दाखला आणि भाग नकाशा स्वतः जाऊन काढावेत, विकणाऱ्याने आणून दिलेल्या प्रतीवर विसंबू नये.

ज्यांना हे सारे करायचे आहे त्यांना माझी शिफारस अशी आहे की वास्तुविशारदाकडे जाण्याच्या आधी, किंबहुना जागेचा विसार देण्याच्याही आधी, हे दोन कागद हातात असावेत. आम्ही उलट क्रमाने गेलो, म्हणून पहिल्या नकाशाचे पैसे वाया गेले आणि तीन महिने गमावले. परवानगीचा वेग पाहता या सेवेला मी मध्यम म्हणेन. नियमांचा स्पष्टपणा, तपासणीची अचूकता आणि दाखल्यांची तत्परता पाहता उत्तम म्हणेन.

एक काम अजून उरले आहे. रस्त्यासाठी दिलेल्या १८ चौरस मीटरचे हस्तांतरण झाले, जुनी टाकी पाडली, कुंपण दीड मीटर आत घेतले. पण मिळकत पत्रिकेवर त्या क्षेत्राची वेगळी नोंद व्हायची आहे. नगर भूमापन कार्यालयातील अर्जाची पोच माझ्याकडे आहे, आणि नोंद झाली की किती दिवस लागले ते येथे लिहीन.